डाव्या तळव्याची साक्ष

मी काशाची वाटी बोलतेय. हो, तीच, तळपाय घासायची. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे पुढे मधेमधे थांबायला नको. 'तळपायाला तूप चोळा, डोळे तेजस्वी होतील' हा मजकूर सकाळी उठल्याउठल्या चाळीस जणांना पाठवणारी माणसं घरी पाहुणे आले की मला न्हाणीघराच्या दारामागे लपवतात. हा दुटप्पीपणा मी बरीच वर्षं मुकाट्याने पाहिला. आता बोलणार आहे, आणि नावं घेऊन बोलणार आहे.

प्रश्न एका माणसाचा आणि त्याच्या एका पायाचा आहे. माणूस शरदचंद्र टिपणीस, राहणार कात्रप, बदलापूर पूर्व. पाय डावा. तो जाता जाता राहिला. कशामुळे जात होता आणि कसा राहिला, याची खरी साक्षीदार मी आहे, कारण त्या तळव्याच्या इतकं जवळ दुसरं कुणीच नव्हतं. खुद्द शरदचंद्रही नव्हते.

आधी माझी ओळख. तांबं आणि कथील यांच्या पोटी मी जन्मले. हरिचंद्र नावाच्या कासाराने मला भट्टीतून काढून ठोकून गोल केलं. कासं जोरात ठोकलं तर तडकतं, म्हणून तो हातोडी हळू चालवायचा आणि सगळा जोर शिव्या देण्यात काढायचा. माझ्या कानावर पडलेली पहिली मराठी ती. माझ्या बोलण्यात थोडा तिखटपणा वाटला तर संस्कारांचा दोष समजा.

तिथून मी उल्हासनगरच्या भांडीबाजारात आले. चौतीस वर्षांपूर्वी उमाबाई टिपणीस कडेवर पाच महिन्यांचा यज्ञेश घेऊन दुकानात आल्या. बाळाच्या उष्टावणाला खीर कशात द्यायची, तर काशाच्या वाटीत, असं त्यांच्या सासूबाईंनी सांगून धाडलं होतं. दुकानदार सिंधी, गल्ल्यावर पाय पसरून बसलेला.

"हे पितळ तर नाही ना?" उमाबाईंनी विचारलं.

"भाभी, कान लावा इकडे." त्याने मला तीन बोटांच्या टोकांवर उचललं आणि नखाने टिचकी मारली. टण्ण! तो आवाज दुकानभर फिरून आला. कडेवरचा यज्ञेश रडायचा थांबला. "ऐकला? मंदिर की घंटी! खोटा माल असा गातच नाही. घरी नेऊन कधी पण वाजवा, बोलेल ती."

देवाने मला बोलायची सोय दिली आहे ती एवढीच. कुणी टणक काही आपटलं तर मी बोलते. एरवी माझ्यावर काय वाटेल ते चोळा, मी गप्प.

यज्ञेशने माझ्यातली खीर खाल्ली, निम्मी थुंकली, माझ्या काठाला हिरड्या लावून पाहिल्या. ते माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस. दहावीच्या वर्षी मात्र त्याने माझा घात केला. त्याचे डोळे जळजळायला लागले. शेजारणीने सांगितलं, काशाच्या वाटीने तळपाय घासा. उमाबाईंनी तूप लावून घासले. पोराला बरं वाटलं, आणि माझं स्वयंपाकघर कायमचं सुटलं. एकदा पायाला लागलेली वाटी पुन्हा ओट्यावर चढत नाही. मी चिंचेने घासून लख्ख झाले तरी नाही. तोंडापासून सुरू झालेली माझी नोकरी अशी पायाशी आली, आणि बदलीचा हुकूम हातात देण्याची तसदीही कुणी घेतली नाही.

आता शरदचंद्रांकडे येते. हे गृहस्थ अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होते. माल आला की नमुना काढायचा, तपासायचा आणि पसंत नसेल तर लाल शिक्का मारायचा: रिजेक्ट. खुद्द मालकाच्या मेहुण्याने पाठवलेले पिंप त्यांनी फाटकातून परत धाडले होते. त्यांचं एक वाक्य कारखान्यात प्रसिद्ध होतं. "कंट्रोल सॅम्पल कुठंय?" म्हणजे औषध घातलेल्या पाण्यात फरक पडला म्हणता, तर औषध न घातलेलं पाणी शेजारी ठेवून दाखवा. हे वाक्य ते भाजीवाल्याला ऐकवायचे, इस्त्रीवाल्याला ऐकवायचे, यज्ञेशच्या लग्नात केटररलाही ऐकवलं. तो बिचारा बासुंदीचा डाव हातात धरून उभाच राहिला.

असा हा माणूस निवृत्त झाला, त्याच्या हातात मोबाइल आला आणि रक्तात साखर आली. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या, चाला म्हणाले, गोड बंद म्हणाले, पुढच्या महिन्यात या म्हणाले. सगळं मिळून चार मिनिटं.

आणि चिंतामणी मुळ्यांनी दोन तास दिले. तिथेच फरक पडला.

मुळे वीज मंडळातून निवृत्त झालेले. सकाळच्या बागेत 'निरामय परिवार' नावाचा गट चालवतात. सदस्य बावीस, त्यांतले एकवीस ऐकायला. मुळ्यांना आयुर्वेदातलं सगळं येतं, फक्त ते शिकायचं राहून गेलं. मला राग आयुर्वेदाचा नाही, हे इथेच नोंदवून घ्या. मी त्याच घरातली आहे. मला राग आहे तो बागेच्या बाकावर बसून दुसऱ्याच्या शरीरावर प्रयोग करणाऱ्यांचा.

"टिपणीस, साखर हा रोगच नाही हो," मुळे म्हणाले. हे घरी येऊन म्हणाले, म्हणून मी ऐकलं. "उष्णता साठते अंगात. ती बाहेर काढायची. बास."

"आणि गोळ्या?"

"गोळ्या खाऊन कुणाची साखर गेली का? एक माणूस दाखवा!"

खरं तर इथे ते जुनं वाक्य यायला हवं होतं. मी दारामागे श्वास रोखून वाट पाहिली. शरदचंद्र म्हणाले, "मुद्दा आहे."

दुसऱ्या दिवसापासून घरात नवं राज्य आलं. उठल्यावर जिभेची घासणी, मग तांब्याच्या भांड्यातलं पाणी, मग मेथीचं पाणी, मग कारल्याचा रस, मग जांभळाच्या बियांची पूड. एवढं सगळं पचवल्यावर माणसाला आपण फार पुण्य केलं असं वाटतं, आणि पुण्य खर्च करायला वडापावची गाडी कोपऱ्यावरच होती. चहा मात्र बिनसाखरेचा. गुळाचा. दिवसातून चार कप.

"अहो, गूळही गोडच ना?" उमाबाई म्हणाल्या.

"गूळ सात्त्विक असतो, उमा. साखर केमिकल असते." ज्या माणसाने एकतीस वर्षं केमिकलवर घर चालवलं त्याने हे म्हणावं!

गोळ्यांचं काय झालं, ते फक्त मला आणि कोरफडीला ठाऊक. शरदचंद्रांचे पाय घासणं कसं सुरू झालं ते पुढे सांगते; पण घासून झाले की मला बाल्कनीत कोरफडीच्या कुंडीशेजारी पालथी ठेवत. रोज नाश्त्यानंतर शरदचंद्र पाण्याचा पेला घेऊन बाल्कनीत यायचे, दोन गोळ्या बोटाने कुंडीतल्या मातीत खुपसायचे, पाणी स्वतः प्यायचे आणि आत जाऊन "घेतल्या गं" म्हणायचे. कोरफडीला मधुमेह नव्हता, पण औषध तिला वेळच्या वेळी मिळत होतं.

स्टेशनकडच्या रस्त्याला पाय घासायचं यंत्र आलं होतं. खुर्चीत बसायचं, खाली विजेवर फिरणाऱ्या काशाच्या थाळ्या. मुळ्यांना शरदचंद्रांना तिथे न्यायचं होतं. "घरात वाटी असताना?" म्हणत उमाबाईंनी मला बाहेर काढलं आणि बनूबाईला बोलावलं. बनूबाई जांभूळ गावातून येते. सोसायटीतल्या बाळंतिणींचं आणि बाळांचं मालिश तिच्याकडेच. आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, ती शरदचंद्रांच्या पायांशी बसू लागली. तूप, मी आणि तिची न थांबणारी जीभ.

आणि इथे तो डावा तळवा माझ्या आयुष्यात आला. त्या तळव्याला भयंकर गुदगुल्या व्हायच्या. उजवा पाय घासा, गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसतील. डाव्याच्या खळग्याशी मी नुसती टेकले की "खिः!" करून पाय छातीशी. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात उमाबाईंना ते कळलं होतं आणि तेव्हापासून घरातली निम्मी भांडणं त्यांनी त्याच जोरावर जिंकली होती.

"आवो सायेब, पाय सोडा की! मी काय तुमचा पाय घराला नेतंय का?" बनूबाई ओरडायची.

"बनूबाई, उजवाच घासा. खिः! उजवा म्हटलं ना!"

"उजव्याचीच उष्णता काढली तं डाव्यान जाऊन बसंल ती."

दहा मिनिटं घासलं की तूप काळं व्हायचं. शरदचंद्र चष्मा लावून ते न्याहाळायचे. "बघ उमा, बघ किती उष्णता निघाली!" मग त्यांनी एक तक्ता केला. तारीख, पाय, काळेपणा. काळेपणाला अधिकची चिन्हं: एक, दोन, तीन. चार चिन्हं आली त्या दिवशी निरामय परिवाराला फोटो गेला आणि एकवीस जणांनी हात जोडले.

आता मी तुम्हाला सांगते, ते काळं काय होतं. ती मी होते. तूप लावून मला कशावरही घासा, माझंच अंग झिजतं आणि तूप काळं होतं. त्यात टिपणिसांची उष्णता गुंजभरही नव्हती. मी दर खेपेला झिजत होते आणि त्यांच्या तक्त्यात त्यांची तब्येत सुधारत होती. बातमी माझी, नाव त्यांचं. एवढी उघड चोरी मी पाहिली नाही.

चोळण्याने आराम पडतो, हे मी नाकारत नाही. पाय हलके वाटतात, झोप चांगली लागते. माझं काम एवढंच आहे आणि ते मी इमानाने करते. त्यापुढचं मुळ्यांनी माझ्या तोंडी घातलेलं आहे.

असे सात महिने गेले. मग एका शुक्रवारी मी डाव्या खळग्याशी टेकले आणि काहीच झालं नाही. पाय तिथेच. शरदचंद्र मोबाइलमध्ये.

बनूबाईचा हात थांबला. "सायेब, आज हसलाव न्हाय?"

"अं? घासलात का?"

"मंग काय तुमची आरती करतंय?"

शरदचंद्रांनी मोबाइल खाली ठेवला. पायाकडे पाहिलं. म्हणजे पायाच्या दिशेने पाहिलं, कारण मध्ये पोट होतं. त्या पोटापलीकडचं जग त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलेलं नव्हतं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा आनंद पसरला की मला कापरं भरलं.

"गुदगुल्या गेल्या! उमा, अगं गुदगुल्या गेल्या! वात शांत झाला!"

उमाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "गेल्या म्हणजे? चौतीस... छे, छत्तीस वर्षं आहेत त्या."

"उष्णता निघून गेली की नसा शांत होतात. मुळे म्हणालेच होते."

मी त्या तळव्यावर टेकलेली होते. शांत झालेला तळवा कसा लागतो ते मला कळतं, यज्ञेशचा लागायचा तसा. हा तसा लागत नव्हता. हा नुसता पडून होता, रबरी चपलेसारखा. मला ओरडायचं होतं, पण तूप लावलेली वाटी ओरडणार कशी?

मुळ्यांना फोन गेला. रविवारी सकाळी बागेत सत्कार ठरला.

त्या सत्काराला मलाही नेलं होतं, लाल कापड घातलेल्या ताटात बसवून. बागेतल्या छत्रीच्या खांबांना लाकडी फळी लावून तिच्यावर थर्माकोलची अक्षरं टोचलेली: 'साखरमुक्त टिपणीस साहेबांचा हृद्य सत्कार'. ड्रॉइंग पिना कमी पडल्या म्हणून 'हृद्य' लोंबत होता. मुळे बोलले पाऊण तास. मग म्हणाले, आता सर्वांनी पादत्राणे काढून हिरवळीवर अनवाणी चालायचं, पृथ्वीतत्त्व आत घ्यायचं. वाऱ्याने तोवर 'हृद्य' खाली पडला होता. बावीस माणसं हिरवळीवर गोल फिरली. एकवीस जण जपून चालत होते, खडा टोचला की "आई गं" म्हणत होते. सत्कारमूर्ती ताठ मानेने चालत होते. त्यांना काही म्हणजे काही टोचत नव्हतं. मुळे सगळ्यांना म्हणाले, "बघा, याला म्हणतात सिद्धी!"

सोमवारी बनूबाई आली नाही, तिच्या गावात लग्न होतं. बुधवारी सकाळी आली. शरदचंद्र खुर्चीत, पाय चौरंगावर, मोबाइल डोळ्यांसमोर. उजवा पाय झाला. बनूबाई लग्नातल्या जेवणावळीबद्दल सांगत होती. तिने मला डाव्या पायावर धरलं आणि टाचेकडून बोटांकडे एक लांब हात मारला.

टण्ण!

चौतीस वर्षांनी मी बोलले. तसाच आवाज, दुकानातला. स्वयंपाकघरातल्या उमाबाईंनीही ऐकला.

बनूबाईने मला खाली ठेवलं. पदराने तळव्यावरचं तूप पुसलं आणि वाकून पाहिलं. अंगठ्याखालच्या गादीत पितळी ड्रॉइंग पिन रुतली होती. फक्त गोल माथा दिसत होता. भोवतीची कातडी सुजून लाल झालेली, कडेला पिवळट.

शरदचंद्र मोबाइलवरून मान न काढता म्हणाले, "थांबलात का?"

नखांच्या चिमटीत धरून तिने पिन उपसली. पू आणि रक्त आलं. तेव्हाही गृहस्थ वाचतच होते. बनूबाईचे डोळे भरले, आणि मी तिला त्याआधी कधी गप्प पाहिलं नव्हतं.

"वयनी," ती हाक मारून म्हणाली, "हिकडं या. आमच्या सदूभावजींचा असाच झाला. पायाला फोड आला, त्याला कललाच नाय. साखर होती. आंगठा काढला दवाखान्यान."

उमाबाईंनी पिन तळहातावर घेतली. थर्माकोलचा पांढरा कण तिला अजून चिकटलेला होता.

"हे... हे माझ्या पायात?" शरदचंद्र म्हणाले. "छे! मला कळलं नसतं?"

बनूबाईने पदराने पायावरचं रक्त पुसलं.

"दवाखान्यात चला," उमाबाई म्हणाल्या.

"डॉक्टरकडे नाही जाणार. ते लगेच कापाकापीच्या गोष्टी करतात. जायचं तर वैद्याकडे."

"बरं, वैद्याकडे. पण आत्ता." उमाबाईंनी पायाला स्वच्छ फडकं बांधलं, दुधी आणायला काढलेली पिशवी तशीच उचलली आणि रिक्षा बोलावली. विठ्ठलवाडीला त्यांच्या माहितीतल्या एक वैद्य होत्या. शरदचंद्रांनी तेवढ्यातही तक्ता घेतला आणि मला घेतलं. पुरावा म्हणून. वाटेत उमाबाईंनी रिक्षा थांबवून दुधी घेतला, कारण संकट कितीही मोठं असलं तरी संध्याकाळी भाजी लागतेच. त्या दुधीने टिपणिसांचं डोकं ताळ्यावर आणलं, म्हणून त्याचा उल्लेख करते.

दवाखाना पहिल्या मजल्यावर. आत तिशीची एक मुलगी बसलेली. शरदचंद्रांना पांढरी दाढी अपेक्षित होती.

"वैद्य कुठे आहेत?"

"मीच. प्राची. बसा काका. पाय वर घ्या." तिने फडकं सोडलं, जखम पाहिली, धुतली. तोंडावर काही दाखवलं नाही. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन यंत्रात घातला आणि आकडा पाहिला. तेव्हा मात्र दाखवलं.

"गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

शरदचंद्र छताकडे पाहू लागले. "त्या... कोरफडीत."

"कशात?"

"कुंडीत पुरतो. सात महिने."

उमाबाई खुर्चीतून उठल्या. "म्हणजे मी त्या कोरफडीचा गर रोज तोंडाला लावते तो..."

"तरी म्हटलं तुझा चेहरा इतका..."

"एक शब्द बोलू नका!"

प्राचीने हसू दाबलं. मग म्हणाली, "काका, डोळे मिटा. मी पायाला कापूस लावते. स्पर्श कळला की हो म्हणा." तिने डाव्या तळव्यावर कापसाची वात टेकवली. टाचेला. खळग्याला. अंगठ्याला. प्रत्येक बोटाला. शरदचंद्र डोळे मिटून वाट पाहत बसलेले, शाळेत पहिला प्रश्न येण्याची वाट पाहणाऱ्या मुलासारखे.

"करा की सुरू," ते म्हणाले.

"झालं काका. दहा ठिकाणी लावला."

शरदचंद्रांनी डोळे उघडले, आणि त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. बुडत्या माणसाने हाती लागेल ते धरावं तसा त्यांनी तक्ता पुढे केला.

"पण हे पाहा. उष्णता निघत होती. चार-चार प्लस. ही वाटी, काळं तूप, सगळं नोंदवलंय मी."

प्राचीने तक्ता शेवटपर्यंत वाचला. त्याबद्दल मी तिला मानते. मग तिने पिशवीतून डोकावणारा दुधी उचलून टेबलावर आडवा ठेवला, कपाटातून तुपाची बाटली काढली, दुधीला तूप लावलं आणि मला घेऊन त्याला चोळायला लागली. तीन-चार मिनिटं. उमाबाई पाहत होत्या, शरदचंद्र पाहत होते. दुधी काळाकुट्ट झाला.

"काका, या दुधीला किती वर्षांची उष्णता असेल?"

शरदचंद्रांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दुधीवरून बोट फिरवून बोटाला लागलेलं काळं पाहिलं. त्यांच्या आत कुठेतरी अंबरनाथच्या कारखान्याचा भोंगा वाजला असावा.

"कंट्रोल सॅम्पल," ते पुटपुटले. "मी कंट्रोल सॅम्पलच घेतलं नाही." मग खिशातून पेन काढून त्यांनी सात महिन्यांच्या तक्त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली आणि खाली लिहिलं: रिजेक्ट. सही केली. तारीखही घातली.

"पाय चोळणं चांगलंच आहे," प्राची म्हणाली. "मी स्वतः सांगते लोकांना. पण ज्याला स्पर्श कळतो त्याला. चालू गोळ्या परस्पर मातीत पुरा, असं कोणत्या ग्रंथात सांगितलंय ते मला दाखवा. मी माझी पाटी उतरवते. आणि गुळाचा चहा किती?"

"चार," उमाबाईंनी सांगून टाकलं.

"तो आजपासून शून्य. वेळेवर जेवण, मूग, जव, पालेभाज्या, आणि चालायचं ते चपला घालून. पण हे सगळं नंतर. आत्ता इथून थेट मोठ्या दवाखान्यात. चिठ्ठी देते. आज पाय वाचेल. आणखी चार दिवस सत्कार करून घेतला असतात तर मला हे म्हणता आलं नसतं."

पाय वाचला. अकरा दिवस दवाखान्यात आणि दोन महिने पट्ट्या. मुळे भेटायला आले तेव्हा शहाळं घेऊन आले आणि पायाला हळदीचा लेप लावायचं सांगू लागले. उमाबाईंनी ती ड्रॉइंग पिन त्यांच्यासमोर धरली. "ही तुमची. 'हृद्य'मधली." मुळे शहाळं ठेवून निघाले. निरामय परिवार अजून चालू आहे. सदस्य एकवीस.

माझा मुक्काम आता दाराजवळ, चपलांच्या कपाटावर. तोंड, पाय, चपला, अशी माझी बढती झाली आहे. शरदचंद्रांच्या पायाला मला लावायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे, आणि ती मला मान्य आहे. माझ्यात आता कापूस असतो आणि ती पिन असते. रोज सकाळी गोळ्या उमाबाईंच्या डोळ्यांदेखत गिळून झाल्या की शरदचंद्र पाय चौरंगावर ठेवतात. उमाबाई दोन्ही तळवे निरखतात, बोटांच्या मधलंही. मग डोळे मिटायला लावून कापूस टेकवतात. स्पर्श परत येईलच असं डॉक्टर म्हणालेले नाहीत. येणारच नाही असंही म्हणालेले नाहीत.

मागच्या आठवड्यात उमाबाईंनी खळग्याशी कापूस नेला आणि शरदचंद्र एकदम "खिः!" करून हसले. पायही छातीशी घेतला.

उमाबाईंनी कापूस बाजूला ठेवला. "अहो, मी अजून कापूस टेकवलाच नव्हता."

शरदचंद्रांनी एक डोळा उघडला. "तुला बरं वाटावं म्हणून..."

"एकतीस वर्षं दुसऱ्यांचे खोटे रिपोर्ट पकडलेत, आणि आता स्वतः देता?"

मग ते हसले. उमाबाईही हसल्या. डोळ्यांना पदर लावून बराच वेळ हसल्या. त्या हसण्याचा आणि तळव्याचा काही संबंध नव्हता, पण मी वाटी असून सांगते, ते खणखणीत होतं.

तुमच्याही घरात मी असेन, न्हाणीघराच्या दारामागे किंवा माळ्यावर. मला काढा, घासा, तूप लावा, पाय चोळून घ्या, माझी हरकत नाही. फक्त आधी पाय उलटा करून पाहा. पोट आड येत असेल तर कुणाला तरी पाहायला सांगा. तूप काळं झालं तर ती मी आहे, माझं श्रेय स्वतः घेऊ नका. आणि घासता घासता कधी मी टण्ण वाजले, तर हातातला मोबाइल खाली ठेवा. मी उगाच बोलत नाही.